शिरगणतीत न सापडलेली वस्ती

बारामती वाढली ती पाटाच्या पलीकडे, आणि ती वाढवली आम्ही बाहेरून आलेल्यांनी. हे कोणी कबूल करत नाही. गावाचा इतिहास सांगणारे जुन्या पेठेतच घुटमळतात, म्हणून मला लिहावं लागतंय.

मी डाळजहून आलो तेव्हा डोक्यावर वांग्यांची पाटी होती. पुढे बैलगाडी झाली, मग बाजारात बसायची हक्काची जागा. पाटापलीकडे पत्र्याचं घर घातलं. शेजारी वडगाव निंबाळकरचे एक तात्या, पुढे कऱ्हाटीची दोन घरं, मागे इंदापूरकडची चार-सहा. सगळे भाजी-फळांच्या धंद्यातले. पाण्याचे मात्र हाल होते. पाट वाहता असला की बायका तिथून भरायच्या. तो कोरडा पडला की गावातल्या नळावर जायच्या आणि गावातल्यांचं भरून होईपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या. माझी बायको अशी ताटकळत उभी राहते, हे मला सहन होत नसे. वस्तीला स्वतःचा नळ हवा होता.

एकावन्नची शिरगणती होऊन गेल्यावर मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. कारकुनानं कागद चाळले.

"तिकडे माणसंच राहत नाहीत. दोन-चार दिसतायत."

"मग रोज तुमच्या घरी भाजी कोण पोचवतं? भुतं?" मी टेबलावर हात आपटला.

त्यानं दौत उचलून बाजूला ठेवली. "ओरडू नका. मोजायला आलेल्या गुरुजींना तुमच्याच बायकांनी सांगितलंय, आम्ही इथले नाही."

घरी येऊन बायकोवर आवाज चढवला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "गुरुजींनी इचारलं, तुमी कुठलं? म्या म्हणलं, डाळजचं. द्येव तितं, वावर तितं. हितं पोटापुरतं आलोय. खोटं हाय व्हय? तुमाला इचारलं असतं तर तुमी काय बारामती सांगितलं असतं?"

नसतं सांगितलं. वस्तीत सगळ्यांनी हेच केलं होतं. गाव विचारलं की आमच्याकडे माणूस देवाचं आणि वावराचं गाव सांगतो. पाठ कुठं टेकतो, ते गाव थोडंच असतं?

दुसऱ्या दिवशी राग घरी ठेवून कचेरीत गेलो. बराच वेळ घासाघीस केल्यावर कारकून एका गोष्टीला तयार झाला. प्रत्येक घरातली माणसं लिहायची, पुढे 'राहणार बारामती' असं घालायचं, खाली सही नाहीतर अंगठा. एकही घर सुटता कामा नये. तशी यादी आणली तर तो ती अर्जासोबत साहेबांपुढे ठेवणार होता.

पहिल्याच घरी अडलं. तात्यांनी दोन्ही हात काखेत घातले.

"अंगठा देत न्हाय."

"का हो तात्या?"

"उद्या भाऊबंद ह्योच कागद दावतील. म्हणतील, ह्यो बारामतीचा, ह्याला वडगावात वाटा न्हाय."

"अहो, पण नळ येईल."

"तुज्या नळावर माजा ऊस भिजंल व्हय?"

ओसरीवरचे सगळे हसले. माझं डोकं तापलं, पण म्हातारा चुकत नव्हता. समोरच्याला भीती कशाची वाटते ते कळलं की सौदा निम्मा झालेला असतो. मी लिहिलं, 'मूळ गाव वडगाव निंबाळकर, वावर तिथेच, धंद्यासाठी राहणार बारामती.' तात्यांनी ते तीनदा वाचून घेतलं.

"वावर आदी लिव्ह. मग बाकीचं."

ते आधी लिहिलं तेव्हा कुठं अंगठा उठला. मग प्रत्येकाला तसंच हवं झालं. कोणी विहिरीतला हिस्सा घातला, कोणी बांधावरचा आंबा. कारकून म्हणाला, "ही माणसांची यादी आहे की सातबारा?" पण त्यानं ती पुढे पाठवली. बऱ्याच हेलपाट्यांनंतर वस्तीच्या तोंडाशी नळ बसला.

त्या वर्षी थोरला भाऊ डाळजहून आला. त्यानं नळावर पाय धुतले, मग तो ओंजळीनं पाणी प्यायला.

"ग्वाड हाय की रं."

शिरगणतीत डाळजला तरी आपलं नाव लागलं असेल, अशी माझी समजूत होती. मी सहज विचारलं.

"गुरुजी आलं हुतं," तो म्हणाला. "म्या सांगितलं, धाकला आमच्यात न्हाय."

"लगेच सांगितलंस?"

"मग? तुजी चूल हितं. तुला तितं कसा धरायचा?"

म्हणजे शिरगणतीच्या वर्षी मी देशात कुठंच नव्हतो. त्याचं बोलणं खरं होतं, आणि आजही मला ते खोडता येत नाही. पण सांगण्याआधी त्यानं घटकाभर थांबायला हवं होतं. त्या दिवशी मी त्याला जेवायला थांब म्हणालो नाही.