उपासाचा रकाना

आमच्या बाईंची, म्हणजे डॉ. वत्सला निगडकर यांची, आणि माझी पहिली भेट पंधराएक वर्षांपूर्वी त्यांच्या कसबा पेठेतल्या दवाखान्यात झाली. मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि अनुभवासाठी जागा शोधत होते. बाईंनी माझ्या प्रमाणपत्रांची फाईल उघडलीसुद्धा नाही. विचारलं, "तुम्ही स्वतः शेवटचं आजारी कधी पडलात?" मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी, टायफॉइड झाला होता. "मग चालेल. कधीच आजारी न पडलेले डॉक्टर रुग्णाला फार बोलतात." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी कामावर हजर झाले.

दवाखाना दोन खोल्यांचा. समोर एका तांबटाचं दुकान होतं आणि दिवसभर ठोकाठोक चालायची. बाईंनी कुणाच्या छातीला नळी लावली की कंपाउंडर दारात येऊन हात वर करायचे आणि तांबट तेवढा वेळ हातोडी खाली ठेवायचे. हा करार कधी झाला, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

बाईंच्या केसपेपरची एक गंमत होती. नाव, वय यांच्याखाली, तक्रारीच्याही आधी, एक रकाना छापलेला असे : उपास. रुग्ण कोणते वार धरतो, वर्षातली कोणती व्रतं करतो, निर्जळी की फराळाचं, हे आधी विचारायचं आणि मग दुखणं. गंमत अशी की बाईंचा स्वतःचा देवाधर्माशी काडीचा संबंध नाही. देवळात त्या जातात, पण पुजाऱ्यांचं बीपी बघायला. आमच्याही घरी वडिलांनी उपासतापास कधीच बंद केले होते, त्यामुळे मला तो रकाना हास्यास्पद वाटे. बाई समोर असल्या की मी तो भरत असे. नसल्या की सोडून देत असे.

लोणी काळभोरच्या एक आक्का बाईंकडे येत. शेतकरी घरातल्या, सडेतोड बोलणाऱ्या. त्यांना नव्यानं मधुमेह निघाला तेव्हा बाई चार दिवस गावाला गेल्या होत्या, म्हणून नवा पेपर मी केला. साखर उतरवणारी गोळी लिहून दिली आणि दटावून सांगितलं, "काही झालं तरी गोळी चुकवायची नाही." उपासाचा रकाना कोरा राहिला.

पुढे महिन्याभरात हरितालिका आली. आक्कांच्या यजमानांचं त्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या तपासणीसाठी मुलगा दोघांना घेऊन आला. बाकावर बसल्या बसल्या आक्का घामानं चिंब झाल्या, असंबद्ध बोलायला लागल्या आणि आडव्या झाल्या. आदल्या रात्रीपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि गोळी मात्र सांगितल्याबरहुकूम घेतलेली होती.

बाईंनी शिरेतून ग्लुकोज दिलं. काही मिनिटांत आक्कांनी डोळे उघडले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण खरा पेच पुढेच होता. गोळीचा अंमल दिवसभर राहणार होता. आक्कांनी लगेच खाल्लं नसतं तर साखर पुन्हा उतरली असती. आणि आक्का तोंड उघडायला तयार नव्हत्या.

"तीस वरसं झाली, कधी मोडला न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् ह्या वर्षी मोडू? यांची छाती आताच उघडून शिवलीया. यांना काय झालं मंजी?"

यजमान समोर उभे होते. ते म्हणाले, "अगं, खा की. मी धडधाकट हाय." आक्कांनी तोंड फिरवलं. मुलगा रागावला. मीही शास्त्र सांगायला लागले. बाईंनी मला हातानं थांबवलं आणि त्या बाकावर आक्कांशेजारी जाऊन बसल्या.

"आक्का, स्वतःला झेपलं नाही तर घरच्या बाईनं व्रत पुरं केलेलं चालतं ना?"

"चालतं. पर घरी सून न्हाई अजून."

"मग तुमचा उपास मला द्या. निर्जळी, तुमच्या पद्धतीनं, उद्या सोडीन. मी सकाळपासून चहाही घेतलेला नाही."

"तुम्ही कुठं घरच्या, बाई?"

बाईंनी त्यांचं मनगट हातात घेतलं. "इतकी वर्षं तुमची नाडी धरतेय. आणखी घरचं ते काय असतं?"

मग आक्कांनी दुधाचा पेला घेतला आणि रडत रडत संपवला.

मुलानं विचारलं, चूक कुणाची. कोरा रकाना बाईंनी केव्हाच पाहिला होता. अक्षर माझं होतं. त्या म्हणाल्या, "पेपर माझ्या दवाखान्याचा आहे. चूक माझी." संध्याकाळी मी राजीनामा द्यायला गेले, तर कोरड्या ओठांनी म्हणाल्या, "आज मला बोलायचे कष्ट देऊ नकोस. उद्या नऊला ये." अहोजाहो त्या दिवशी संपलं आणि मी त्यांच्या घरची झाले.

मला वाटलं होतं, ते त्या दिवसापुरतं होतं. पण दिलेला उपास परत घेता येत नाही असं आक्कांनी सांगितलं, आणि बाई तेव्हापासून दर वर्षी हरितालिका करत आल्या. कंपाउंडर एकदा म्हणाले, "बाई, हे व्रत कुमारिका चांगला नवरा मिळावा म्हणून करतात." बाई म्हणाल्या, "म्हणूनच इतकी वर्षं टाळलं होतं."

हे लिहिण्याआधी मी लोणीला जाऊन आक्कांपाशी चूक कबूल केली. यजमान ओसरीवर शेंगा फोडत होते. आक्का म्हणाल्या, "मला तवाच कळलं व्हतं. तुझं त्वांडच सांगत व्हतं. बस, च्या घे."

आता माझा दवाखाना खराडीत आहे. रुग्ण बहुतेक संगणक कंपन्यांतले, त्यांचे उपास वेगळे आणि मोबाईलवर मोजलेले. केसपेपरवर तो रकाना मात्र आहे. गेल्या वर्षी बाई स्वतःचे रिपोर्ट घेऊन तिथं आल्या. साखर वाढली होती. मी पेपर पुढे ओढला आणि विचारलं, "उपास?"

"हरितालिका. निर्जळी."

"ही गोळी घेऊन जमणार नाही, बाई."

"ते मला शिकवू नकोस. दिलेला शब्द आहे."

मला त्यांचंच वाक्य आठवलं. म्हटलं, "मग तुमचा उपास मला द्या."

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घरच्या बाईनंच करावा लागतो." आणि त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं.

गेल्या वर्षीची हरितालिका मी केली. दुपारी डोकं दुखलं, चिडचिडही झाली. व्रताचं शास्त्र मला अजून येत नाही. आक्कांच्या यजमानांसाठी ते सुरू झालं होतं, त्यांच्यासाठी ते चालूच आहे. पण दुसऱ्याकडून आलेल्या उपासात आणखी एक नाव घातलं तर चालतं का, हे मी आक्कांना विचारून घेतलंय. चालतं म्हणाल्या.

तेव्हा बाई, हे वाचणार नाही म्हणालात तरी वाचाल, म्हणून लिहिते. तुमच्या आयुष्याची काळजी आता माझ्याकडे आली आहे. तुम्ही फक्त वेळेवर जेवा, आणि गोळी चुकवू नका.