साडूंची फसलेली यंत्रं

अपयश इतक्या थाटात साजरं करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात आमच्या साडूंशिवाय दुसरा नसेल. शेंद्र्याला त्यांची छोटी शेड आहे, तीन कामगार आहेत आणि कोपऱ्यात फसलेल्या यंत्रांची मांडलेली रांग आहे. पाहुणा आला की ती रांग ते लेण्यांच्या गाइडइतक्या अभिमानानं दाखवतात. त्यांच्या भाकरीच्या यंत्रातून पहिलीच भाकरी उडाली ती थेट पत्र्याला चिकटली. आम्ही वर बघत राहिलो. साडू मात्र टाळ्या वाजवत म्हणाले, "दाब लई झाला, कळलं का?" आणि सगळ्यांना इमरती वाटली. शेडमध्ये नियम असा की, काम बिघडवून जो आपणहून सांगेल त्याला साडूंच्या खुर्चीत बसून चहा. एकदा फिटरनं मोटार जाळली, स्वतःच सांगितलं आणि दुपारभर तो त्या खुर्चीत ऐटीत बसला. तेव्हापासून बाकीचे दोघं न केलेल्या चुकाही कबूल करू लागले.

गेल्या हंगामात त्यांनी सीताफळाचा गर काढायचं यंत्र केलं. फुलंब्रीजवळच्या एका बचतगटात ते दाखवायला मीही गेलो होतो. बायांनी फळं फोडून दिली, यंत्र घरघरलं आणि पांढराशुभ्र गर पातेल्यात पडला. सगळ्या खूश. साडूंनी चमचाभर चाखला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बिया भरडल्या जातायत, त्या पोटाला वाईट. हा गर कुणाला खाऊ घालू नका. मशीन फेल गेलं."

"आम्हाला तर काही दिसंना," गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "चालतंय की भाऊ. आम्ही घेतो."

"नाय. मी देणार नाय."

मग पिशवीतून इमरतीचा पुडा निघालाच. एका म्हातारीनं विचारलं, "बिघडलं तर गोड कशाचं वो?"

"कुठं बिघडलं ते कळलं, त्याचं," साडू हसत म्हणाले.

साडूंच्या घरी परतल्यावर मी हा किस्सा मेव्हणीला रंगवून सांगितला. ती हसली नाही. "दाजी, तुम्हाला बाहेरचंच दिसतं," ती हळूच म्हणाली. "असं झालं की दोन-दोन दिवस नीट जेवत नाहीत हे."

मी मागच्या अंगणात गेलो. साडू पायरीवर बसले होते, यंत्राचं पातं मांडीवर घेऊन. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पहाटेपासून फळं निवडली होती हो त्या बायांनी."

तीस वर्षांच्या नोकरीत, फसावं असं मी कधी काही करूनच पाहिलं नव्हतं. मी नुसता त्यांच्या शेजारी बसून राहिलो.