नियमाप्रमाणे उपचार

"जज सायबांनी सांगितलं का मग कुनाची बिशाद हाय नाय म्हनायची!"

पनवेल कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. त्यावर पंजा आपटून ती हे म्हणायची आणि माझे कागद उडायचे. उलव्याच्या बाजूची कोळीण, साठीची, मासे विकून आवाज कमावलेला. कोर्टाच्या आवारात भलेभले कसे कुजबुजत बोलतात, तुम्हीही पाहिलं असेल. ही मात्र बेलिफालासुद्धा "अरे, बाजूला हो ना!" म्हणून सरकवायची.

तिचा धाकटा भाऊ मारामारीच्या गुन्ह्यात जेलमध्ये होता. केस अजून सुरूही झाली नव्हती. त्याला शुगर, त्यात पायाला जखम. भेटीला गेली तेव्हा त्याने काचेपलीकडून पाय वर करून दाखवला, आणि ही तडक माझ्याकडे आली.

"दादा, त्याला मोठ्या दवाखान्यात न्या, असं लिवा. आतल्या गोल्यांनी नाय भागायचं."

"मावशी, मला शिकवू नका. वीस वर्षं हेच करतोय."

तिचा वकील सरकारने दिलेला. भला माणूस, पण हातात ढीगभर केसेस. अर्ज मीच तयार करायचो, तो घाईत सही करायचा. माझ्याकडे जुना नमुना होताच. नाव बदललं, केस नंबर बदलला, खालची विनंती तशीच ठेवली: आरोपीस जेलच्या नियमाप्रमाणे योग्य ते उपचार मिळावेत. आळस, दुसरं काय! मोठा दवाखाना राहिला तो राहिलाच.

कोर्टाने मागितलं तेवढं दिलं. हुकूम झाला म्हणून तिने आवारात सगळ्यांना चहा पाजला, खुद्द चहावाल्यालाही.

पंधरा दिवसांनी आली ती हळू आवाजात बोलत. तेव्हाच मी चरकलो.

"पट्टी बांधतान, गोल्या देतान. हुकमाप्रमानंच चाललंय म्हनतान. पन पाय काला परलाय, दादा."

मी जुना अर्ज काढून वाचला. तिथल्या तिथे नवा अर्ज केला, मोठ्या दवाखान्याच्या नावासकट, आणि वकिलामागे कोर्टात जाऊन उभा राहिलो. न्यायाधीशांनी कागदावरून नजर वर केली. "हे पहिल्यांदाच का नाही मागितलंत? तेव्हाच दिलं असतं मी."

वकील फाइल चाळू लागला. मी त्याच्या पाठीआड सरकलो.

हुकूम त्याच दुपारी जेलवर पोचला आणि संध्याकाळी त्याला हलवलं. पण विष अंगभर पसरलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला.

तो नमुना मी फाडून टाकला. तरी असा अर्ज आला की बोटं आपोआप तीच ओळ टाइप करायला जातात, आणि मग मी उठून उगाच एक फेरी मारून येतो.

तेराव्यानंतर ती आली. स्टुलावर बसली.

"दादा, पैल्या वक्ताला मीच नीट सांगितलं नसंल. आमाला कुठं येतं कोरटातलं बोलायला?"

सांगितलं होतं हो. शब्द न् शब्द सांगितलं होतं. ते माझ्या ओठांवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. आणि मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, मावशी."

तिने मान डोलावली. माझे दोन्ही हात हातात घेतले, "तुमाला लय तरास दिला, माफी करा," म्हणाली, आणि गेली.