माझ्या मागून येणारा माणूस

साडूनं नवी गाडी घेतली, त्या दुपारी मला झोप लागली नाही. पहाटे उठून फर्स्ट शिफ्ट करून आलेला माणूस दुपारी झोपला नाही, तर भिलाईत ती आजारपणाची खूण समजतात. बायकोनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"ओवा देऊ का?"

"कावून?"

"पोट दुखून राहिलं ना तुमचं. गाडी पाहिल्यापासून."

साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याआधी तो आमच्याच सेक्टरातला, माझ्याहून जरासा लहान पोरगा होता. पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, परीक्षेला आम्ही एकत्र बसलो. मी लागलो, तो राहिला. मी पेढे वाटले तेव्हा त्यानं दोन खाल्ले आणि "भाऊ, मस्त हाय" म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं का, हे मी वाकून पाहिलं होतं. नाही आलं. तिथंच मला सावध व्हायला हवं होतं.

मी प्लांटात का गेलो, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. माझा बाप प्लांटात होता. क्वार्टर प्लांटचं, शाळा प्लांटची, दवाखाना प्लांटचा. मोठा झाल्यावर काय होणार, असं आम्हाला कुणी विचारायचंच नाही. कोणत्या शॉपला, म्हणजे विभागाला लागणार, एवढंच विचारायचे. साडूनं मात्र हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत कुणाच्या तरी शेडचा कोपरा घेतला आणि एक जुनी भट्टी लावली. लोखंडाचे शाफ्ट, पिना, गिअर भट्टीत लाल करायचे, ठरलेला वेळ तसेच ठेवायचे, मग काढून तेलात बुडवायचे, की ते कडक होतात; वेळ टळली तर वाकतात. हा त्याचा धंदा. मीही प्लांटात भट्टीवरच. फरक इतकाच, की माझ्या भट्टीत त्याचं सगळं शेड मावलं असतं. हे मी त्याला वेळोवेळी सांगत असे.

सासऱ्यांचं घर हुडको कॉलनीत. तेही प्लांटातूनच रिटायर झालेले. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, प्लांटातले आणि बाकीचे. त्यांच्या बैठकीत पंख्याच्या बरोबर खाली एक वेताची खुर्ची आहे. ती माझी. मी आलो की सासूबाई तिथली वर्तमानपत्रं उचलत. साडूला दाराजवळचा दिवाण, जिथं वारा पोचत नाही. "तुमचं काय चालू हाय मंग?" सासरे त्याला अशा सुरात विचारत, की जणू तो नुकताच टायफॉइडमधून उठला आहे. ते ऐकत खुर्चीत चहा पिण्यासारखं सुख नव्हतं. मी बशीत ओतून प्यायचो, म्हणजे जास्त वेळ टिकावं.

मग त्याची एकाची दोन शेडं झाली. मग ती गाडी. आणि त्या दिवाळीला मी सासरी पोचलो, तर खुर्चीत साडू. सासरे त्याच्याकडे तोंड करून लोखंडाचा भाव विचारत होते. मला पाहून तो उठायला लागला, तर सासरेच म्हणाले, "बसा बसा, तुमी दमून आले. ते दिवाणावर बसतीन."

मी दिवाणावर बसलो. वारा खरंच पोचत नाही.

इथवर सहन केलं असतं. पण माझ्या मुलीचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, प्लांटातल्या ट्रेनिंगला तिचं नाव लागलं, मी पेढ्यांची ऑर्डर देऊन आलो, आणि ती जेवताना म्हणाली, "बाबा, मले ट्रेनिंग नाही करायचं. मौसाजीकडे जातो मी. भट्टी शिकतो. फिर अपना खुद का करूंगी."

"भट्टी शिकाले मौसा कावून पायजे? घरात बाप हाय ना भट्टीवाला!"

"तुमी बटन पाहता, बाबा. मौसाजी भट्टी पाहतात."

हे वाक्य तिला कुणी शिकवलं, हे मी त्या रात्री बायकोला तीनदा विचारलं. खुर्ची गेली होती, ती परवडली. पण पोरीच्या डोळ्यांतली जागाही त्याच माणसानं पटकावावी, ज्यानं माझे दोन पेढे फुकट खाल्ले होते? ट्रेनिंगला हजर व्हायचा सोमवार जवळ आला होता. तोवर तिचं मन फिरवायचं होतं. ते कसं, याची मात्र काहीच युक्ती नव्हती.

युक्ती साडूनंच आणून दिली. त्याच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन नागपुरात ठरलं. इकडे एका धानमिलचे शाफ्ट भट्टीत घालायचे होते. नवीन धान यायच्या आधी मिल सुरू व्हायला हवी, मिलवाला रोज फोन करून राहिला होता. साडू घरी आला, उंबऱ्यातच उभा राहिला.

"साडूभाऊ, तुमी भट्टीवाले. एक दिवस बसता का? मिस्त्री हाय, पोरगी हाय. फक्त ध्यान ठेवाले घरचा माणूस पायजे."

मी जरा विचारात पडल्याचं दाखवलं. मनात फटाके फुटत होते. पोरगी समोरच उभी होती. प्लांटचा माणूस भट्टी कशी चालवतो, हे आता तिच्या डोळ्यांदेखत दाखवता येणार होतं.

मी सुट्टी टाकली आणि सकाळी हेल्मेट, बूट, सगळं चढवून हथखोजला पोचलो. आधी सगळ्यांना रांगेत उभं करून सुरक्षेवर भाषण दिलं. सगळे म्हणजे मिस्त्री, एक वेल्डर आणि माझी पोरगी. चहा आला तेव्हा मी कुणालाही हेल्मेट काढू दिलं नाही.

"टोपी पहिर के चाय पीबो का, साहेब?" वेल्डर म्हणाला.

"प्लांटात असंच राहते," मी म्हणालो. खरं तर प्लांटात चहा पिताना आम्ही हेल्मेट उलटं करून त्यावर बसतो.

शाफ्ट भट्टीत गेले. तापमानाचा काटा हवा तिथं आला. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि पोरीला समजावत गेलो, भट्टी म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, आणि ज्याच्याजवळ शिस्त नाही त्याच्या गाड्या कशा कर्जाच्या असतात. ती ऐकत होती. निदान माझ्या दिशेला पाहत होती. जेवायच्या सुमाराला ती तेलाचा पाइप आणायला सुपेल्याच्या बाजारात गेली. जाताना म्हणाली, "बाबा, मी येतो तवर हलू नका. तीन वाजता काढायचे हायेत."

"तू मले सांगतं?"

मिस्त्री आणि वेल्डर जेवायला घरी गेले. साहेब बसलेच होते.

आता आमची एक पद्धत सांगितली पाहिजे. प्लांटात आपल्या मागून येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिलीव्हर आला नाही तर आठ तासांवर आणखी आठ तास बसायचं. पण तो आला, की एक शब्द जास्त बोलायचा नाही. तापमान सांगायचं, काय काढायचं ते सांगायचं, हात धुवायचे आणि निघायचं. इतकी वर्षं रोज दोन वाजता हातात डबा घेऊन एक माणूस माझ्या पाठीमागे येतो. कधी हा, कधी तो. खरं सांगायचं तर आम्ही तोंड पाहत नाही, डबा पाहतो.

दोन वाजता शेडमध्ये डबा घेऊन एक माणूस आला.

माझे हात आपोआप साबण शोधू लागले. "टेम्परेचर बराबर हाय," मी त्याला म्हणालो, "माल तीन वाजता काढजो. एक एक करून."

"हव," तो अदबीनं म्हणाला.

मी हेल्मेट काढलं, आपला डबा स्कूटरला अडकवला आणि घरी आलो. वरण-भात खाल्ला. बायकोनं विचारलं, "इतक्या लवकर?" मी म्हणालो, "रिलीव्हर आला." तिच्याही ते अंगवळणी पडलेलं. मी फोन नेहमीसारखा फ्रिजवर ठेवला आणि कूलर लावून झोपलो. गाडी आल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

तो माणूस शेजारच्या शेडमधला होता. साडूच्या भट्टीवर रोज आपला डबा गरम करायला यायचा. त्यानं डबा गरम केला, जेवला, आणि साहेब काय म्हणाले त्याचा फारसा विचार न करता परत कामावर गेला.

मी जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं. फ्रिजवरचा फोन पाहिला, पोरीचे इतके मिस्ड कॉल की बोटानं वर सारत बसलो. आणि मग एकदम, पायात चप्पल घालता घालता, मला त्या माणसाचं तोंड आठवायचा प्रयत्न करावासा वाटला. आठवेना.

हथखोजला पोचलो, तर दारात तेलाचा धूर. पोरगी पाट्यावर बसून चहा पीत होती, चेहरा काजळीनं काळा, एका मनगटावर फडकं बांधलेलं. मिस्त्री बाजूला. जमिनीवर शाफ्ट ओळीनं ठेवलेले, आणि त्यांतले काही लांबूनही वाकडे दिसत होते. सुपेल्याच्या चौकात जाम लागला होता. ती पोचली तेव्हा वेळ कधीच टळली होती, शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं आणि भट्टी इमानदारीनं तापत होती. तिनं नागपूरला मौसाजीला फोन लावला. तो दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून सांगत गेला, आच किती उतरव, आधी कोणता काढ, आणि तिनं नि धावत आलेल्या मिस्त्रीनं माल काढला.

मी बोलायला तोंड उघडलं. ती चिडेल म्हणून तयार होतो; माझ्याजवळ सुपेल्याच्या जामवर, म्हणजे तिच्याच उशिरावर, एक चांगलं उत्तर होतं. ती चिडली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाबा, तुमच्या मांगून कोण येणार होतं?"

मी वाकून वाकडे शाफ्ट मोजायला लागलो.

साडू दुसऱ्या दिवशी आईला घेऊन परतला. वाकलेले शाफ्ट त्यानं पुन्हा करायला घेतले, मिलवाल्याच्या शिव्या स्वतः खाल्ल्या. मला तो शिव्या देईल अशी माझी फार इच्छा होती. दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला रागावता आलं असतं, पोरीला सांगता आलं असतं की पाहा तुझा मौसा. पण रविवारी हुडकोत जेवायला जमलो आणि डबेवाल्याची गोष्ट ऐकून तो इतका हसला की ठसका लागला. पंख्याखालच्या खुर्चीत बसून हसला.

मग ठसका आवरून म्हणाला, "साडूभाऊ, एक सांगू? मले तुमचा लई हेवा वाटते."

मी वरणाचा घास तसाच धरला. "काय वाटते?"

"हेवा. तुमी भट्टी सोडून झोपू शकता. तुमच्या मांगून कोणी ना कोणी येतेच. मी आईपाशी दवाखान्यात बसलो होतो, तर कान फोनकडेच. मले त्या परीक्षेत घेतलं असतं, तर म्या कायले भट्टी लावली असती? लोक म्हणतात हिंमत केली. कायची हिंमत? कोणी घेतलंच नाही."

"जरा जोरात बोल," मी म्हणालो. "सासरेबुवाले ऐकू कमी येते."

सासरे ऐकू कमी येत असूनही हसले. बायकोनं मांडीला चिमटा काढला. पण ती एक मिनिटभराची गोष्ट मला कुणी काढून घेऊ शकत नाही. साडूला माझा हेवा वाटतो! मी घास गिळला आणि विजयी मुद्रेनं पोरीकडे पाहिलं. म्हटलं, ऐकलं ना? आता सोमवारी ट्रेनिंग.

ती मौसाजीकडे पाहत होती. "मौसाजी, तुमच्या मांगून मी येतो," ती म्हणाली. "तुमी तुमच्या आईपाशी बसा."

सासूबाईंनी पोळी वाढता वाढता हात थांबवला. साडूनं नुसती मान हलवली आणि तो पाणी प्यायला. आता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढ्यांच्या वेळी मी ज्याची वाट पाहिली होती ते. आणि आलं तर ते माझ्या पोरीमुळे, माझ्या नाकासमोर, त्या खुर्चीत.

सोमवारी ती हथखोजला गेली. पेढे मी ऑर्डर केले होते, ते आणावेच लागले. पहिला साडूनं खाल्ला. दुसराही.

आता माझा रोजचा क्रम असा. दोन वाजता रिलीव्हर येतो. मी त्याचं तोंड नीट पाहतो, नाव विचारतो. तो मला वेडा समजतो. मग घरी न जाता मी थेट हथखोजला जातो. पोरीला सकाळपासून भट्टीसमोर उभं राहून भूक लागलेली असते, तिला जेवायला सोडवायचं म्हणून. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. ती मला रीतसर चार्ज देते, तापमान इतकं, माल इतक्याला काढायचा. मी "हव" म्हणतो आणि खुर्ची ओढून बसतो.

मग ती डबा उघडते आणि तिथंच, माझ्या शेजारी, भट्टीच्या काट्याकडे तोंड करून जेवते.

"अवं, जाय ना आत. पंख्याखाली बसून जेव. मी हाय ना."

"हौ बाबा, तुमी हायेत," ती म्हणते, आणि काट्यावरची नजर काढत नाही.

मौसाजी असला, की ती आत जाऊन जेवते. पंख्याखाली.