बसम्माचे दोन एक्के

बसम्मा खानावळवाली पत्ते खेळते म्हटलं की परक्या माणसाला नवल वाटायचं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, तोंडात शिवी नाही, आणि हातात पत्ते! आमच्या गल्लीत मात्र सगळ्याच खेळायच्या. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, माझ्या नवऱ्यासारखे कारकून बदलीनं आले. पाणी तेवढं आलं नाही. त्या दुष्काळी उन्हाळ्यात टँकरची वाट बघत दुपारच्या दुपार लिंबाखाली बसावं लागे. नुसतं बसून एकमेकींची उणीदुणी काढण्यापेक्षा तीन पत्ती बरी, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

पैसे लावायचे नाहीत, असा आमचा नियम. चिंचोके लावायचे, आणि एक चिंचोका म्हणजे येणाऱ्या टँकरची एक घागर. घरटी सहा घागरी मिळत. हरलं की घरी जाऊन सांगायचं, आज टँकरलाच पाणी कमी होतं. नवऱ्यांना काय कळतंय!

बसम्माचा खेळ सगळ्यांना पाठ होता. चांगली पानं आली की ती हळूच एक चिंचोका सरकवायची, कुणी पळून जाऊ नये म्हणून. कुणी पळायचंच नाही. सगळ्या शेवटपर्यंत चिकटून बसायच्या आणि कुणाकडे ना कुणाकडे तिच्याहून वरचं काही निघायचं. मी तिला कितीदा बजावलं, की अगं, मोठी जोडी एकीला भारी पडते, चौघींना नाही. दणकून लाव आणि बाकीच्यांना आधीच घरी पाठव. तर म्हणायची, "आन् येवढं पाणी गेलं म्हंजे, वैनी?" मग थोडं थोडं करून तेवढंच जायचं. मला असा राग यायचा की तिची पानं हिसकावून मीच खेळावं.

त्या दिवशी मात्र गंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी उदगीरहून तिच्या रुद्राणीला बघायला पाहुणे येणार होते. नवरा गेल्यावर खानावळीच्या चुलीवर तिनं ही एकुलती एक पोर वाढवली होती. पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायचं, हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवायची, शिवाय जेवायला येणारे कारकून होतेच. सहा घागरींत ते भागणार नव्हतं. मागितलं असतं तर आम्ही दिलं असतं, पण त्या उन्हाळ्यात पाणी देताना माणसाचं तोंड कसं होतं ते तिनं पाहिलं होतं. जिंकून नेलं तर कुणाचं तोंड बघावं लागत नाही, असं ती सकाळीच मला म्हणाली होती.

पानं वाटली. पाचही जणींनी एकेक चिंचोका मध्ये टाकला. माझी पानं भिकार होती, ती मी टाकून दिली आणि शेजारच्या बसम्माच्या हातात डोकावले. दोन एक्के! तिसरं पान कामाचं नव्हतं. नेहमीप्रमाणे तिचा हात एका चिंचोक्याकडे गेला, घुटमळला, आणि मग तिनं समोरचे उरलेले पाचच्या पाच मध्ये लोटले. हरली तर उद्या घरात थेंब नव्हता.

गुणाबाईनं लगेच पानं टाकली. सिंधूला एकदम तान्ह्या पोराची आठवण झाली, तीही उठली. राहिली साखराबाई, आमच्यातली सगळ्यात बेरकी. ती कधी पानं बघे, कधी बसम्माचं तोंड. बसम्मा टँकर येतोय का ते बघावं तशी रस्त्याकडे बघत होती.

"एका चिंचोक्याची बाई पाच लावती," साखराबाई शेवटी म्हणाली, "म्हंजे हिच्याकडं तीन सारखीच हायत. जा घेऊन." आणि तिनं पानं उताणी टाकली. तिन्ही बदामाची होती. कलर! जोडीच्या डोक्यावर बसणारा कलर.

बसम्मानं आपले एक्के पालथेच ढिगात सारले. इतकी दणकून लावून मिळाल्या किती, तर चारच घागरी, म्हणून साखराबाईनं तिला चिडवलंही. चार लई झाल्या, एवढंच बसम्मा बोलली. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की माझी स्वतःची एक घागर त्यात गेली हे घरी पोचल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. दारात रांगोळी, उंबऱ्याशी पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली. मुलाची आई मल्लम्मा आधी उतरली आणि तिच्यामागून दुधाच्या दोन मोठ्या कॅन उतरल्या. पाण्यानं भरलेल्या. 'शरणार्थी' असा लिंगायती नमस्कार झाल्यावर ती संकोचून म्हणाली, "लातुरात लई हाल चालू हायत म्हून ऐकलं. आमच्या पायाचं पाणी आम्हीच आणलंय. राग मानू नका."

बसम्माला हे लागणार, असं मला वाटलं. ती आधी हसायला लागली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं मल्लम्माचे दोन्ही हात धरले.

संध्याकाळी सुपारी फुटली होती आणि घागरी बऱ्याचशा भरलेल्याच होत्या. काल उगाच जीव टांगणीला लावलास, खेळली नसतीस तरी चाललं असतं, असं मी तिला म्हणाले.

"हाव, उगीच खेळले," बसम्मा म्हणाली. "पर माझी पोर कसल्या घरात चालली, ते त्या दोन कॅनीनं दावलं, वैनी. आता मला झोप लागंल."