तट्टाच्या पुढे चालणारी बाई

नावं लिहायची नाहीत, असं लेकीनं मला बजावून ठेवलंय. तिचं नाही, तिच्या सरांचं नाही आणि तट्टाचं तर अजिबात नाही. "त्याला विचारल्याशिवाय कसं लिहिशील?" असं तिचं म्हणणं. म्हणून या हकिगतीत लेक ती लेक, सर ते सर आणि तट्टू ते तट्टू.

माझं सात रस्ता चौकात झेरॉक्सचं दुकान आहे. मशीनमधून बाहेर येणारा कागद गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आत वाचून काढायची मला वाईट खोड आहे. भाडेकरार, बदलीचे अर्ज, कुणाकुणाच्या पत्रिका. नवरा एस.टी.त कंडक्टर. तो म्हणतो, "तू दुकान चालवत न्हाईस, गावाची चौकशी चालवतीस." म्हणेना का. मला प्रत्येक गोष्टीचं 'का' लागतं आणि ते मिळालं नाही की डोकं फिरतं.

त्यामुळे चौथीतली पोर एक दिवस "मला घोड्यावर बसायला शिकायचंय" म्हणाली, तेव्हा मी आधी हेच विचारलं. का? तिनं खांदे उडवले. असलं उत्तर मला चालत नाही. शेवटी मीच बघायला गेले.

मंगळवेढ्याच्या रस्त्याला, गाव संपून ज्वारीची रानं सुरू होतात तिथं सरांचं मैदान आहे. सर लष्कराच्या तबेल्यात नोकरी करून परत आलेले. गुडघा गेलेला, पण आवाज असा की पलीकडच्या रानातली पाखरं उठावीत. चार पोरं आळीपाळीनं मोठ्या घोड्यांवर बसत होती. आमच्या वाट्याला आलं ते तट्टू, तपकिरी, पोटानं गोल, कपाळावर पांढरा टिळा. आधी ते लग्नाच्या वरातीत होतं.

"मग वरातीतनं का काढलं?" मी विचारलं.

"नवरदेव जड व्हाय लागल्यात, ताई," सर म्हणाले. "ह्येच्या पाठीला सोसंनात. बँडवाला इकाय निघाला, म्या आणलं."

त्याच्या आयाळीत अजून चमकी अडकलेली होती. लेक ती नखानं काढत बसली. मी मात्र विचारत सुटले. हे उभ्यानं झोपतं का? कान मागं केले म्हणजे राग आला का? दात बघून वय कळतं म्हणतात, ते कसं? सरांनी बरीच उत्तरं दिली आणि मग हात जोडले. "ताई, डॉक्टरनं चालाय सांगितलंय म्हनला न्हवं? मग जरा मैदानाला चक्कर मारून या की."

मला मधुमेह आहे, हे मीच कौतुकानं सांगून बसले होते. निघाले तणतणत.

तोपर्यंत तट्टू खांब रोवल्यासारखं उभं होतं. लेकीनं टाच लावली, लगाम हलवला, लाडीगोडी केली, ते ढिम्म. मी चालायला लागले आणि चारदोन पावलांतच मागून टापांचा आवाज आला. सर ओरडले, "शाब्बास! जमलं पोरीला!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढं तोच रिवाज पडला. संध्याकाळी दुकान बहिणीवर टाकायचं, मैदानावर जायचं, मी पुढं चालायचं आणि लेक तट्टावर बसून मागून यायची. ती दुडकी चाल शिकली तेव्हा मलाही पाय उचलावे लागले, नाहीतर तट्टाचं तोंड पाठीला लागायचं. मी वळले की तीही वळायची. मी मैदानातल्या आंब्याला वळसा घातला की तिचाही वळसा. आम्हा मायलेकींचं किती जुळतंय, असं वाटून मी खूश. साखरही उतरली.

एकच गोष्ट मला खटकायची. मी मागं वळून बघितलं की तट्टू थांबायचं. कितीतरी वेळा करून पाहिलं. वळले की थांबलंच. सरांना विचारलं, तर म्हणाले, "कुनी टक लावून बगितलेलं सोसत न्हाय त्येला. बुजतंय. तुमी म्होरं बगून चाला." हे 'का' मला फारसं पटलं नव्हतं, पण घोड्यांच्या बाबतीत सरांपुढं काय बोलणार? मी पुढं बघून चालत राहिले.

थंडीत कळलं, की शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर मुलांसाठी तट्टांची स्पर्धा होणार आहे. पुण्याहून, कोल्हापूरहून पोरं येणार, ट्रकमधून तट्टं येणार. सरांनी लेकीचं नाव दिलं. सगळ्यात सोपा प्रकार होता. रिंगणात एकटीनं जायचं, खांबांमधून नागमोडी, दोन आडव्या दांड्यांवरून, एक फेरी दुडकीत आणि शेवटी चौकटीत थांबून पंचांना सलाम.

त्या रात्री जेवताना लेक म्हणाली, "मला नंबर नकोय."

"मग कशाला चाललीस?" मी विचारलं.

तेव्हा कुठं माझ्या जुन्या 'का'चं उत्तर आलं. वर्गातली पोरं तिला चिडवत होती. घोड्यावर काय, कुणीबी बसतंय. नवरदेव न्हाय का बसत? लगाम धरनारा असतोच की पुढं. "मला सगळ्यांसमोर एक फेरी एकटीनं मारायचीय," ती म्हणाली. "कुणी न धरता. पूर्ण." एवढं बोलून तिनं भाकरीचा तुकडा आमटीत असा बुडवला, की पुढं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता आमची सगळी भीती गाण्यांची होती. वरातीतलं जनावर, लाउडस्पीकर लागला की नाचायला लागलं तर? म्हणून महिनाभर आम्ही मोबाइलवर बँडची गाणी लावून सराव केला. मी मोबाइल छातीशी धरून पुढं, मागं ही दोघं. रस्त्यानं जाणारे लोक गाड्या थांबवून बघायचे. तट्टू एकदाही नाचलं नाही. आम्ही निश्चिंत झालो.

स्पर्धेच्या दिवशी नवऱ्याची पंढरपूरची ड्यूटी होती. लेकीची वेणी मी इतकी घट्ट घातली, की तिच्या भुवया वर गेल्या. मैदानावर पाहते तर काय, मुलांपेक्षा आयाच जास्त घाबरलेल्या. पुण्याची तट्टं न्हाऊन-माखून, आयाळीच्या बारीक वेण्या घालून आलेली. एका बाईला मी विचारलंही, की वेण्या कशानं बांधता? लोकरीनं, म्हणाली. आमच्यानं मात्र सकाळीच शेणात लोळण घेतली होती आणि सर ओल्या पोत्यानं त्याला घासत बसले होते.

आमची पाळी आली. पालकांनी दोरीच्या बाहेर थांबायचं होतं. लेक रिंगणाच्या तोंडाशी आली आणि तट्टू थांबलं. स्पीकरवर गाणं चालू होतं, पण त्याचं गाण्याकडे लक्षच नव्हतं. ते मान वळवून काहीतरी शोधत होतं. मला लेकीचा चेहरा दिसेना, म्हणून मी दोरीच्या कडेकडेनं पुढं सरकले. तट्टू आत शिरलं. मी चालत राहिले, तेही चालत राहिलं. खांबांपाशी गेलं, पण खांबांमधून न जाता माझ्या मागोमाग, दोरीला लागून. पुढं पंचांचा मांडव आडवा आला, म्हणून मी थांबले. तट्टूही थांबलं. मी मागं फिरले. तेही मागं फिरलं. लोक हसायला लागले.

मांडवातून एक पंचबाई उठून आल्या. "ताई, बाहेरून मदत चालत नाही."

माझं टाळकं सरकलं. "मदत? मी हात तरी लावलाय का त्याला? मी माझी चालतेय! दोरीच्या बाहेर चालायलाही बंदी आहे का?"

"आई." लेकीचा आवाज आला. ती खोगिरात ताठ बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते. "ते तुझ्यामागं येतंय."

"कोण?"

"तट्टू. पहिल्यापासून तुझ्यामागंच येतंय. माझ्यामुळं नाही."

मी तट्टाकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होतं, कान उभे करून, आता निघायचं ना, असं विचारत असल्यासारखं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जन्मभर ते वरातीत चाललं होतं. पुढची माणसं चालली की चालायचं, पुढची थांबली, मागं वळली की थांबायचं. बुजण्याबिजण्याचा काही संबंधच नव्हता. सर गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले होते. त्यांच्याही लक्षात आलं असावं.

पंचबाई भल्या होत्या. पहिल्यांदाच आलेल्या मुलांना एकदा नव्यानं सुरुवात करता येते, म्हणाल्या. पण पुन्हा असं झालं तर मुलगी बाद.

"आई, तू जा," लेक म्हणाली.

"कुठं जाऊ?"

"त्याला दिसणार नाहीस तिथं." मग हळू आवाजात, "जा की गं."

मी गेले. मैदानाच्या कडेला ट्रक उभे होते, त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. समोर ट्रकची फळी, दुसरं काही नाही. दुसऱ्याचा भाडेकरार वाचल्याशिवाय जिला राहवत नाही, तिनं पोटच्या पोरीची फेरी बघायची नाही! एवढी चिडचिड माझी आयुष्यात झाली नसेल. आणि चिडायचं तरी कुणावर?

ट्रकच्या टपावर एक ड्रायव्हर मांडी घालून रिंगण बघत होता. मी खालून ओरडले, "दादा, तपकिरी तट्टू आलं का आत?"

"आलं न्हाय, फाटकातच हुबं हाय."

"आता?"

"हुबंच हाय."

"पोरगी काय करतीय?"

"टाच मारली. हलंना."

माझे डोळे भरून आले. वाटलं, पळत जावं, दोरीपाशी उभं राहावं, बाद तर बाद. निदान तेवढ्या लोकांसमोर ती अशी अडकून तरी राहणार नाही. एक पाऊल टाकलंसुद्धा. मग तिचं 'जा की गं' आठवलं आणि मी ट्रकचा दांडा धरून ठेवला.

"वाकली," ड्रायव्हर म्हणाला.

"कोण? पडली का?"

"पडली न्हाय वो. मानंवर हात फिरवतीया. लगाम ढिला सोडला. बसलीया नुसती."

"आणि?"

तो मान लांब करून बघत होता.

"अहो, आणि?"

"चाललं की!" तो टपावर उभाच राहिला. "चाललं, ताई! खांबाकडं वळलं... एक चुकला, दुसऱ्यातनं गेलं. दांडीपशी थांबलं... हां, गेलं. एक पाय लागला. दुडकी धरली बगा! आडवं-तिडवं पळतंय, पर पळतंय."

मग टाळ्या ऐकू आल्या. टाळ्या आमच्यासाठी आहेत का, हेही मला विचारावं लागलं. व्हय, तो म्हणाला, सलाम केला पोरीनं. मी तिथंच ट्रकच्या चाकाला टेकून भडाभडा रडले.

लेक शेवटून दुसरी आली. त्याचं तिला काहीच नव्हतं. थोड्या वेळानं ती ट्रकांकडे आली, तट्टावर बसूनच. सर लंगडत लंगडत लांबून येत होते. पुढून लगाम कुणी धरलेला नव्हता.

मी दिसले मात्र, तट्टू जागच्या जागी थांबलं. कान उभे. वाट बघायला लागलं. आणि माझाही पाय सवयीनं पुढं टाकला गेला. मी वळले, त्याच्या पुढं होऊन चालायला निघालेसुद्धा.

"आई, पुढं नको," लेक म्हणाली. "बाजूला हो."

मी बाजूला झाले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिनं टाच लावली. तट्टानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या रिकाम्या वाटेकडे, आणि मला ओलांडून ते पुढं गेलं.

मी मागून चालू लागले. लेकीची पाठ सरळ होती, घट्ट वेणी पाठीवर डुलत होती आणि रिकिबीतल्या टाचा खाली दाबलेल्या होत्या. इतके महिने रोज मी तिच्याबरोबर होते, पण तिला घोडा चालवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.