पार्लरमधली राणी आणि तिच्या कल्ल्यांवरचा कापूस

मॅडमला सगळे मॅडमच म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, दुकानदार म्हणत आणि नवराही म्हणे. त्यानं सुरुवात चेष्टेत केली होती, पण मॅडमनं ती चेष्टा आहे असं मानलंच नाही. मग बिचाऱ्याला दुसरं काही म्हणायची सोय उरली नाही.

तिचं ब्यूटी पार्लर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आरसे, खुर्च्या आणि डोळे दिपवणारे दिवे. मागच्या खोलीत टॉवेल, केस काढायच्या मेणाचे डबे आणि फ्रिज. गिऱ्हाइकाच्या गालावर बोट टेकवून मॅडम डोळे मिटायची आणि म्हणायची, "तुमची त्वचा काहीतरी मागतेय." त्वचा बहुधा सगळ्यात महागडं फेशियल मागत असे.

अशा पार्लरात मॅडमनं अ‍ॅक्सोलॉटल आणला. फिकट गुलाबी अंग, चार इवले पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले, आणि तोंडाची ठेवण अशी की बघावं तेव्हा हसतंय. बेडकाचा हा लांबचा भाऊबंद जन्मभर पाण्यातच राहतो. मॅडमनं त्याचं नाव राणी ठेवलं आणि टाकी बरोबर दिव्यांखाली, हेअर ड्रायरशेजारी मांडली. तळाला रंगीत टोकदार खडे पसरले. "क्रीम नाही, पावडर नाही, तरी कांती बघा," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. क्रीम-पावडरीवर आपलं घर चालतं हे त्या भरात तिच्या लक्षात यायचं नाही.

विकणाऱ्यानं बजावलं होतं, "पाणी थंड ठेवा. नळाचं पाणी थेट ओतू नका, क्लोरीन घालवणारं औषध टाकून मग वापरा. उरलेलं खाणं लगेच काढा." मॅडमनं मान डोलावली. रोज भरपूर पाणी प्या असं ती गिऱ्हाइकांना सांगते, तेव्हा तीही अशीच मान डोलावतात.

उन्हाळा लागला. पाणी कोमट झालं, खड्यांच्या फटींत खाण्याचे तुकडे कुजले, वरून हेअर स्प्रेचे फवारे बसत होतेच. एका सकाळी राणीच्या कल्ल्यांवर पांढरा पुंजका दिसला.

"मेकअप पुसायचा कापूस उडाला असणार," मॅडम म्हणाली आणि भुवया कोरायच्या चिमट्यानं तो ओढायला गेली. कापूस निघाला नाही, कल्ल्यातून रक्त मात्र आलं. चार-दोन दिवसांत पुंजका दुप्पट झाला. राणी खाईना, शेपटीचं टोक वळवून कोपऱ्यात पडून राहू लागली. मॅडमनं टाकीवर टॉवेल टाकला. कोणी विचारलं तर म्हणायची, "तिचं फेशियल चालू आहे."

बिंग फोडलं ते नणंदेनं. नवऱ्याची ही धाकटी बहीण शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि शाळा सुटल्यावर नातेवाइकांना. ती फुकटात केस कापून घ्यायला आली होती. आल्या आल्या तिनं टॉवेल उचलला.

"वहिनी, ही बुरशी आहे."

वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जावा असा तिचा आवाज. खुर्चीत एक वकीलबाई तोंडाला मास्क लावून बसल्या होत्या. मास्क वाळत आल्यामुळे त्यांना चेहऱ्यावर आश्चर्य दाखवता येईना, पण डोळ्यांनी त्यांनी सगळी कसर भरून काढली.

"हळू बोला ना वन्सं," मॅडम दातांवर दात ठेवून म्हणाली. "आहे माझ्याकडे मलम. नखांच्या बुरशीवर चांगलं चालतं."

"खबरदार. माणसाचं मलम याला लावायचं नाही. यांची कातडी लागेल ते शोषून घेते, मरेल तो. आणि राणी काय म्हणता? हा नर आहे."

वकीलबाईंनी मास्क धुतला, आणि दोन दिवसांत सगळ्या वस्तीला कळलं की मॅडमच्या पार्लरात बुरशी आहे. कुठे आहे, हे सांगायचं तेवढं त्यांच्याकडून राहून गेलं. ठरलेल्या वेळा रद्द व्हायला लागल्या. कोणाच्या घरी अचानक पाहुणे आले, तर कोणाची अचानक कंबर धरली.

मॅडम जनावरांच्या दवाखान्यात गेली. "माझ्या एका मैत्रिणीचा प्राणी आहे," तिनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी टाकीची सगळी माहिती विचारून घेतली आणि तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"मैत्रिणीला म्हणावं, याला आधी त्या टाकीतून बाहेर काढ. वेगळ्या डब्यात क्लोरीन काढलेलं थंड पाणी, रोज सगळंच्या सगळं बदलायचं. आयोडीन नसलेलं मीठ मी मोजून देतो. ते विरघळवलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, जास्त नाही, मग परत साध्या थंड पाण्यात. तळमळायला लागला तर लगेच काढायचा. बुरशी हातानं ओढायची नाही. ओढलीय का कोणी?"

"मैत्रिणीनं," मॅडम म्हणाली.

"पसरली तर घेऊन या, दुसरं औषध देईन. पण औषध देऊनही ती टाकी तशीच ठेवली तर परत होईल. कोमट, घाण पाणी आणि टोकदार खड्यांच्या जखमा, बुरशीला एवढंच लागतं."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून राणीचा डबा पार्लरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात गेला. नवरा विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होता आणि जेवायला पार्लरात यायचा. तो म्हणाला, "मॅडम, हिचा डबा कोणता ते एकदा नीट दाखव. मी घाईत जेवतो."

पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात सोडल्यावर राणीनं अंग झटकलं. मॅडमच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "थोडं चुरचुरेल हं." मेण ओढताना तिनं हे वाक्य हजारो बायकांना ऐकवलं होतं, त्या कळवळल्या तरी तिचा हात कधी थांबला नव्हता. या वेळी मात्र ती घड्याळावर डोळे लावून मिनिटं मोजायला लागली. वेळ संपेपर्यंत ती डब्याजवळून हलली नाही. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळून निघून गेली, तेही तिला कळलं नाही.

हळूहळू कापूस गळून पडला. कल्ले आखूड झाले होते, पण त्यांना परत लाली आली आणि राणीनं पहिला घास घेतला. नर असल्याचं कळूनही नाव राणीच राहिलं. मॅडम एकदा बोललेला शब्द मागे घेत नसे.

टाकी आता मागच्या अंधाऱ्या, गार खोलीत आहे. खडे गेले. पाण्यात थर्मामीटर आहे, वर छोटा पंखा फिरतो. उरलेलं खाणं मॅडम नळीनं त्याच दिवशी ओढून काढते, दर आठवड्याला थोडं पाणी बदलते, आणि पाण्यात हात घालण्याआधी हातावरचं क्रीम खसाखसा धुते. निम्मी गिऱ्हाइकं परत आली. त्यांना आता त्वचेपेक्षा पाण्याच्या तापमानावरच जास्त ऐकावं लागतं.

पुढे त्याच रस्त्यावर एका तरुण मुलीनं नवं पार्लर थाटलं आणि दर्शनी काचेत, झगझगीत दिव्याखाली, काळा अ‍ॅक्सोलॉटल ठेवला. मॅडम तडक आत गेली आणि न विचारता तिनं टाकीत बोट बुडवलं. पाणी कोमट होतं.

"हा दिवा आधी बंद कर. बुरशी होईल याला."

"तुमच्याकडे झाली म्हणून आमच्याकडे होईल असं नाही, मावशी," मुलगी गोड हसून म्हणाली. "आम्ही स्वच्छता ठेवतो."

बुरशीचा टोमणा मॅडमनं गिळला. 'मावशी' काही केल्या गिळवेना. रस्ताभर ती धुमसत आली. मग दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याच्या हातात एक छोटा पंखा, एक थर्मामीटर आणि क्लोरीन घालवायच्या औषधाची बाटली ठेवली.

"तिच्याकडे नेऊन दे. मी पाठवलं म्हणू नकोस. दुकानाची ऑफर आहे म्हण."

"दुकानात असली ऑफर नाही, मॅडम."

"आता आहे."

पंखा बसला, दिवा हटला. ती मुलगी हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की अ‍ॅक्सोलॉटलला गार पाणी लागतं हे तिनं स्वतः शोधून काढलं. मॅडमच्या कानावर हे येतं, आणि त्या दिवशी जी बाई मेण लावून घ्यायला येते तिची काही खैर नसते.